विजेच्या तारेंतील गळतीचा हिशेब



पाटाच्या पाण्याची गळती डोळ्यांस दिसते. विजेची दिसत नाहीं. तिचा हिशेब मात्र केवळ गुणाकार-भागाकाराचा आहे. दाब व्होल्टांत, प्रवाह अँपिअरांत व रोध ओहमांत मोजतात. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें दाबास प्रवाहानें भागिलें असतां रोध निघतो. दाब व प्रवाह यांच्या गुणाकारानें शक्ति वॅटांत मिळते.

स्वस्त म्हणून मीं विहिरीपर्यंत बारीक तार नेली. दोनदां पंपाची गुंडाळी जळाली, तेव्हां परवानाधारक तारतंत्र्याकडून मोजणी करविली. त्यानें विहिरीवर पाणी तापविण्याचा विजेचा गज लाविला. प्रवाह ५ अँपिअर. दाब मीटरपाशीं २३० व्होल्ट, विहिरीवर २२०. म्हणजे गजाची शक्ति २२० गुणिले ५, अर्थात् ११०० वॅट. मधले १० व्होल्ट तारेंत गेले. त्यांस ५ नें भागितां जाण्यायेण्याच्या तारांचा रोध २ ओहम आला.

पंप १० अँपिअर घेतो. तेव्हां तारेंत १० गुणिले २, म्हणजे २० व्होल्ट खर्ची पडतात, व २० गुणिले १०, म्हणजे २०० वॅट वायां जातात. १००० वॅट एक तास चालल्यास एक युनिट. म्हणून आठ तासांत १.६ युनिट फुकट. शिवाय उतरलेल्या दाबावर तेंच काम करण्यास पंप अधिक प्रवाह ओढतो व तापतो. तारेच्या छेदाचें क्षेत्रफळ दुप्पट घेतल्यास, प्रवाह तोच असतां, नासाडी निम्मी होते.

एक सावधगिरी: मोटरीची शक्ति काढतांना दाब व प्रवाह यांच्या गुणाकारास शक्तिगुणकानेंही गुणावें लागतें.

तार विकत घेण्यापूर्वीं हा हिशेब मांडावा. मीं तो मागाहून मांडिला.