संकटकाळीं सरकारचें काम व लोकांच्या संस्थांचें काम

(मंडळीच्या अभ्यासवर्गाकरितां धडा)

पाऊस चुकला, रोगाची सांथ आली किंवा नदीनें गांव धुऊन नेलें, म्हणजे खेड्यांतील माणसाच्या तोंडून बहुधा दोन वाक्यें निघतात. एक, “सरकार मायबाप आहे, तें पाहून घेईल.” दुसरें, “ज्याचें त्यानें पाहावें.” ह्या दोहोंच्या मध्यें तिसरी एक वाट आहे, व तिचाच विचार आज करावयाचा आहे. एका बाजूस राज्यकर्ते व दुसऱ्या बाजूस एकेक घर, यांच्यामध्यें लोकांनीं आपण होऊन बांधलेल्या संस्था असतात. सभा, समाज, मंडळ्या, वर्तमानपत्रें, मजुरांचे संघ. संकटाच्या वेळीं या संस्थांनीं काय करावें, काय करूं नये, आणि त्यांनीं कितीही केलें तरी सरकारवर काय उरतें, हें आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासावरून चांगलें समजतें.

१. मजुरीचा दुष्काळ

सन १८७६ मध्यें दख्खनच्या पठारावर पाऊस पडला नाहीं. सोलापूर, अहमदनगर, पुणें, सातारा व विजापूरकडील मुलूख करपून गेला. गुरें चाऱ्यावांचून मेलीं, माणसें घरेंदारें सोडून निघालीं. हा दुष्काळ १८७८ पर्यंत टिकला. मद्रास, म्हैसूर व हैदराबाद हे प्रांतही त्यांत सांपडले, आणि सर्व मिळून लाखों माणसें मेलीं.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. धान्य मुळींच नव्हतें असें नाहीं. आगगाडीनें तें दुसऱ्या प्रांतांतून येत होतें व पेठेंत विकत मिळत होतें. परंतु शेतांत काम नाहीं म्हणून मजुरास मजुरी नाहीं. कापडास गिऱ्हाईक नाहीं म्हणून कोष्ट्यास पैसा नाहीं. आणि ज्याच्या पदरीं पैसा नाहीं त्याला भरलेलें दुकान असून नसल्यासारखेंच. पुढें नेमलेल्या दुष्काळ कमिशननेंही हेंच सांगितलें कीं, असले दुष्काळ धान्याचे जितके असतात त्याहून अधिक ते कामाचे असतात.

सरकारनें रस्ते, तलाव व खडी फोडणें अशीं कामें काढलीं. परंतु खर्च वाढूं नये ही वरिष्ठ सरकारास मोठी काळजी होती. १८७४ सालीं बिहारांत सर रिचर्ड टेंपल यांनीं सढळ हातानें धान्य आणवून माणसें वांचविलीं होतीं, आणि त्याबद्दल त्यांस उधळेपणाचा दोष लागला होता. १८७७ च्या आरंभीं त्याच टेंपलसाहेबांस मद्रास व मुंबई इलाख्यांत देखरेखीस पाठविण्यांत आलें. या वेळीं त्यांनीं हात आंखडला. धडधाकट माणसास दिवसाला एक रत्तल धान्य विकत घेतां येईल इतके पैसे व वर थोडेसे, एवढीच मजुरी त्यांनीं पुरेशी ठरविली. शिवाय घराजवळचीं लहान कामें सोडून लोकांनीं दूरच्या मोठ्या कामांवर जावें असा हुकूम झाला.

२. पाहून खरें सांगणें

पुण्यास १८७० सालीं सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. तिचा सभासद होणारास लोकांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें लागे. म्हणजे “मी अमक्यांच्या वतीनें बोलतों” हें त्यास दाखवावें लागे. गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, हे तिचे चालक. आणि न्यायखात्यांत सरकारी नोकरीस असलेले महादेव गोविंद रानडे हे तिचे मार्गदर्शक. १८७२ सालींच या सभेनें शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यास एक कमिटी नेमली होती. त्यामुळें दुष्काळ आला तेव्हां चौकशी कशी करावी हें तिला नव्यानें शिकावें लागलें नाहीं.

सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून बातमी मागविली. पाऊस किती, धान्याचा भाव काय, गुरें किती मेलीं, कामें कोठें चालू आहेत, मजुरी किती मिळते, गांव सोडून किती घरें गेलीं, हें सर्व जमवून तिनें सरकारास पत्रांमागून पत्रें लिहिलीं. नुसती रड कोणीही बाजूस सारतो. परंतु गांवाचें नांव, तारीख व आंकडा यांसह आलेली गोष्ट बाजूस सारणें कठीण जातें.

मजुरी कमी झाल्यावर हजारों मजूर कामें सोडून निघून गेले. उपाशी माणसानें काम नाकारावें ही हलकी गोष्ट नव्हे. तो आळस आहे असें कित्येक अंमलदारांस वाटलें. तें आळसाचें नव्हे, पोटाचें गाऱ्हाणें आहे, असें सभेनें सरकारास लिहून कळविलें. तिकडे मद्रासेंत सरकारचेच आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं, इतक्या मजुरीवर काम करणारें माणूस जगूं शकत नाहीं, असें पुराव्यानिशीं दाखविलें, व तेथें ती मजुरी १८७७ सालींच वाढवावी लागली. खरी माहिती हें संकटांतील पहिलें दान होय. भाकर तिच्या मागून येते.

३. हात देणें

दुसरें काम प्रत्यक्ष हात देण्याचें. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं स्थापिलेला सत्यशोधक समाज या दुष्काळांत खेडोपाडीं उतरला. सावित्रीबाई फुले यांनीं १८७७ च्या एप्रिल महिन्यांत जुन्नर तालुक्यांतील ओतूर येथून जोतीरावांस पत्र लिहिलें, त्यांत तेथील हाल व समाजाचें काम यांची हकीकत आहे. त्यावरून असें दिसतें कीं, काम करणाऱ्या सुमारें पन्नास सत्यशोधकांस पकडण्यांत आलें होतें. सावित्रीबाई कलेक्टरांस भेटल्या व त्यांनीं निर्भयपणें खरी स्थिति सांगितली. तेव्हां कलेक्टरांनीं त्या लोकांस सोडविलें, इतकेंच नव्हे तर ज्वारीच्या चार गाड्याही पाठविल्या. अंमलदारापुढें त्यांनीं दंगा केला नाहीं, व त्याच्या पायांही पडल्या नाहींत. दोन्ही टाळून काम साधतां येतें हें या प्रसंगावरून दिसतें.

त्याच वर्षीं पुण्याजवळ धनकवडी येथें दुष्काळांतील पोरक्या व उपाशी मुलांकरितां समाजानें अन्नछत्र उघडलें, व मदतीसाठीं लोकांस जाहीर विनंति केली. अहमदनगर जिल्ह्यांत मिशनांनींही अन्न व पैसा वांटला, आणि त्यानंतर पुष्कळ लोक मंडळ्यांत आले. हें आपल्या पूर्वजांविषयीं असल्यामुळें त्याचा विचार मोकळेपणानें करावा. संकटांत ज्यानें हात दिला त्याच्याकडे माणसाचें मन वळतें, यांत लाज नाहीं. परंतु भाकरीवर किंमत लिहिणें ही मात्र लाजेची गोष्ट आहे. अन्न वांटणारानें घेणाराची जात, धर्म किंवा मत विचारूं नये. भूक किती एवढेंच विचारावें. नाहींतर भाकर खाल्ली जाते, पण विश्वास जातो.

आतां या कामाची मर्यादाही पाहावी. धनकवडीस आश्रय मिळालेलीं मुलें कांहीं हजारांच्या आंत. उपाशी माणसें लाखों. आगगाडी, खजिना, सारा माफ करण्याचा अधिकार हीं कोणत्याही सभेजवळ नसतात. तेव्हां लोक मदत करीत आहेत, आतां आपण सैल झालों तरी चालेल, असें सरकारनें म्हणूं नये, आणि लोकांनींही त्यास म्हणूं देऊं नये.

४. नियम झाला, तो लोकांस सांगणें

इतकीं माणसें मेल्यावर सरकारनें सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन नेमलें. त्याचा रिपोर्ट १८८० सालीं आला व त्यावरून १८८३ सालीं दुष्काळाच्या कायद्याचा नमुना तयार झाला. त्यास फॅमिन कोड म्हणतात. दुष्काळाचीं चिन्हें कशीं ओळखावीं, कामें केव्हां काढावीं, जे काम करूं शकत नाहींत त्यांस फुकट मदत कशी द्यावी, साऱ्याची वसुली केव्हां थांबवावी, हें त्यांत लिहिलें गेलें. आतां मदत ही अंमलदाराच्या मर्जीवर न राहतां तिला नियम झाला.

पण नियम कचेरीच्या पेटींत राहिला तर शेतकऱ्यास त्याचा काय उपयोग? १८९६ सालीं पुन्हां दुष्काळ पडला, तेव्हां सार्वजनिक सभेनें व बाळ गंगाधर टिळक यांच्या केसरी पत्रानें कोडांत काय आहे तें लोकांस मराठींत समजावून सांगितलें. सरकारच्याच कायद्यानें जें देऊं केलें आहे तें मागा, असा त्यांचा उपदेश होता. सरकारास तो आवडला नाहीं. सभेच्या एका कार्यकर्त्यावर खटला झाला, आणि १८९७ च्या मार्च महिन्यांत, या सभेचें म्हणणें यापुढें ऐकून घेतलें जाणार नाहीं, असें सरकारनें ठरविलें. सुमारें सत्तावीस वर्षें जिच्याकडून खेड्यांची बातमी मिळत होती तें दार सरकारनें आपल्याच हातानें लावलें.

५. प्लेगचा धडा

त्याच वेळीं प्लेग आला. मुंबईंत १८९६ च्या सप्टेंबरांत मूळचे गोव्याकडील डॉ. अकासियु व्हिएगस यांनीं तो ओळखला. पुण्यास १८९७ सालीं रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीनें घरोघर तपासणीसाठीं गोरे शिपाई घातले. रोगी वेगळा करणें हें वैद्यकदृष्ट्या योग्यच होतें. परंतु लोकांचीं माणसें बरोबर न घेतां, परक्या शिपायांकडून, देवघरांत व बायकांच्या खोल्यांत शिरून तें केल्यामुळें लोक रोगी लपवूं लागले, आणि ज्या उपायानें सांथ आटोपावयाची त्याच उपायाची लोकांस दहशत बसली. जूनमध्यें रँडसाहेबांचा खून झाला. खून हा कशावरचाही उपाय नव्हे. तथापि सक्तीनेंही काम साधलें नाहीं हें खरें. त्याच मार्चमध्यें सावित्रीबाई, पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असतां, त्याच रोगानें वारल्या.

या प्रसंगीं ज्यांनीं तोंड उघडलें त्यांत पंडिता रमाबाई होत्या. दुष्काळांतील मुलींना मध्यप्रांतांतून आणून त्यांनीं आश्रय दिला होता. पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळांत स्त्रियांच्या अब्रूची काळजी घेतली जात नाहीं, असें त्यांनीं मुंबईच्या एका ख्रिस्ती इंग्रजी पत्रांत लिहिलें. तें प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेलें. गव्हर्नरांनीं तें साफ नाकारलें. सरकार ख्रिस्ती लोकांचें, तेव्हां ख्रिस्ती बाईनें गप्प बसावें, असें रमाबाईंस वाटलें नाहीं.

दुसरी गोष्ट गोपाळ कृष्ण गोखले यांची. ते तेव्हां इंग्लंडांत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनीं शिपायांवर एक फार गंभीर आरोप जाहीर केला. परत आल्यावर पत्रें लिहिणारे पुढें येण्यास तयार होईनात, पुरावा मिळेना. तेव्हां गोखल्यांनीं उघड माफी मागितली. त्यांचा मोठेपणा त्यांत आहेच. पण साक्ष देणाऱ्या प्रत्येकासाठीं इशाराही आहे. ऐकलेलें व पाहिलेलें यांत भेद करावा. एक खोटी ठरलेली बातमी दहा खऱ्या बातम्यांस मारते.

६. दया होती, तिचा हक्क झाला

शंभर वर्षांनीं, १९७२ सालीं, महाराष्ट्रांत पुन्हां मोठा दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यांत जवळजवळ पन्नास लक्ष माणसें दुष्काळी कामांवर होतीं. लोक मोर्चे काढीत, कचेरीस वेढा घालीत, काम व वेळेवर मजुरी मागत. संघ व पक्ष त्यांच्या पाठीशीं होते. वि. स. पागे यांनीं पुढें आणलेली रोजगार हमीची योजना याच काळांत राज्यभर रुजली. १९७७ सालीं तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. जो काम मागेल त्यास काम देणें हें सरकारचें कर्तव्य ठरलें. १८७७ सालीं खडीवरून उठून गेलेल्या मजुरांनीं जें मागितलें, त्याचें हें उत्तर. पण तें येण्यास एक शतक लागलें.

आणखी एक लहानसें उदाहरण पाण्याचें. दख्खनच्या काळ्या खडकांत विंधनविहिरी घेण्याचें काम १९६० नंतरच्या दुष्काळी वर्षांत जालना येथील स्कॉटिश मिशनच्या लोकांनीं हातीं घेतलें. त्यावर बसविण्यास मजबूत हातपंप पाहिजेत म्हणून जालना व सोलापूर येथें ते तयार झाले. पुढें सरकार व युनिसेफ यांनीं सोलापूर पंपाचा नमुना पुढें धरून इंडिया मार्क दोन हा पंप करविला, आणि तो देशभर गेला. लहान संस्थेनें वाट काढावी व सरकारनें तिचा हमरस्ता करावा, हा दोघांच्या कामाचा चांगला मेळ होय.

७. आपण काय करावें

संस्थेचें काम तिहेरी आहे: खरें पाहून सांगणें, मदत येईपर्यंत हात देणें, आणि नियमाप्रमाणें जें मिळावयाचें तें मागण्यास दुबळ्यांच्या बरोबर उभें राहणें. सार्वजनिक सभेंत बहुतेक वरच्या वर्गाचे लोक होते, व जोतीरावांनीं तिच्यावर हाच आक्षेप घेतला. तो विसरूं नये. ज्याच्या घरीं चूल पेटत नाहीं तो कमिटींत नसेल, तर त्याची चूल कमिटीस दिसत नाहीं.

म्हणून उपदेशकांनीं व पंचांनीं संकट येण्यापूर्वींच पुढील गोष्टी कराव्या. गांवांतील एकटे म्हातारे, विधवा, आजारी व भूमिहीन यांची यादी करावी; ती केवळ मंडळीची नव्हे, सगळ्या गांवाची असावी. पाऊस, भाव व पाण्याची पातळी वहींत लिहून ठेवावी. कमिटींत स्त्रिया व सर्व वस्त्यांचीं माणसें घ्यावीं. आलेल्या पैशाचा हिशेब चावडीवर मोठ्यानें वाचावा. अर्ज लेखी द्यावा, त्याची पोंच घ्यावी व नक्कल ठेवावी. तलाठी किंवा तहसीलदार चांगलें काम करील तेव्हां तेंही तितक्याच मोकळेपणानें लिहावें.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. पेठेंत धान्य असतांना माणसें उपाशी कां मेलीं?
२. सार्वजनिक सभेचें काम व सत्यशोधक समाजाचें काम यांत फरक काय? आपल्या गांवास आज कोणत्या कामाची अधिक उणीव आहे?
३. कायदा असून लोकांस तो ठाऊक नसेल तर दोष कोणाचा?
४. गोखल्यांच्या गोष्टीवरून बातमी देणारानें काय शिकावें?
५. उद्यां आपल्या गांवीं पूर आला, तर पहिल्या दिवशीं कोणाच्या दाराशीं जावें लागेल, त्या पांच घरांचीं नांवें आपणांस सांगतां येतात काय?