मेंदूच्या दुखापतीनंतरचे बौद्धिक पुनर्वसन : दीर्घकालीन लाभ आणि कुटुंबाचा वाटा

आपल्या जिल्ह्यातील डोक्यास गंभीर इजा झालेल्या रुग्णास शस्त्रक्रियेसाठी बहुधा नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे न्यावे लागते. टाके निघून तो कळमनुरी, सेनगाव वा औंढ्यास परततो, तेव्हा रुग्ण बरा झाला, असा सर्वांचा समज होतो. काही आठवड्यांतच तो सांगितलेले विसरतो, हाती घेतलेले काम अर्धवट सोडतो, क्षुल्लक कारणावरून संतापतो. घरचे त्यास आळशी अथवा हट्टी समजतात. वस्तुतः हा स्वभावदोष नसून इजेचा परिणाम असतो.

लक्ष, स्मरण व नियोजन या शक्ती सरावाने सुधारता येतात आणि जे सुधारत नाही त्यास पर्यायी मार्ग शिकविता येतो. यालाच बौद्धिक पुनर्वसन म्हणतात. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत अधिक असला, तरी ती पुढेही होत राहते.

या कार्यास महागडी यंत्रेच लागतात असे नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील सरावांत कागदावरील ठरावीक अक्षर शोधून खोडणे, मिसळलेली धान्ये वेगळी करणे अशा साध्या कृतींचा समावेश आहे. काठिण्य मात्र पायरीपायरीने वाढवावे लागते.

लाभ टिकतो काय, हा देणगीदारांचा रास्त प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्मरण व नियोजनाच्या अडचणी असलेल्या १४३ व्यक्तींना वेळेवर आठवण देणारा पेजर देण्यात आला. ८० टक्क्यांहून अधिक जणांची औषधे घेणे, ठरलेली कामे करणे यांत सुधारणा झाली. पेजर परत घेतल्यावर काही आठवड्यांनीही अनेकांची सवय टिकून होती. आज हेच काम साध्या मोबाईलचा गजर करू शकतो. केवळ संगणकावरील खेळांतील प्रावीण्य मात्र व्यवहारात आपोआप उतरत नाही. रोजच्या कामातच केलेला सराव उपयोगी पडतो.

कुटुंबीयांनी पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात :

१. दिनक्रम ठरवून तो भिंतीवर ठळक अक्षरांत लावावा.
२. एका वेळी एकच सूचना द्यावी व ती रुग्णाकडून वदवून घ्यावी.
३. सराव थोडा पण नित्य असावा. थकवा दिसताच विश्रांती द्यावी.
४. बाजारहाट, हिशेब, गोठ्यातील काम यांत त्यास हळूहळू सहभागी करावे.
५. वाहन चालविणे वा यंत्रावर काम करणे डॉक्टरांच्या अनुमतीविना सुरू करू नये.
६. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, झटका वा गुंगी आढळल्यास तात्काळ रुग्णालयात आणावे.

शस्त्रक्रियेसाठी साहाय्याचे हात लवकर पुढे येतात. त्यानंतरच्या महिन्यांचा प्रवासखर्च, प्रशिक्षकाचे मानधन व पाठपुरावा यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कमावता माणूस कामावर परतला तर सारे घर सावरते. तो परतला नाही तर बहुधा मुलांचे शिक्षण प्रथम थांबते. म्हणून वाचविलेला जीव पुन्हा संसारास लावण्याच्या या कार्यासही आपल्या दातृत्वात स्थान मिळावे, अशी आमची सर्व हितचिंतकांस नम्र विनंती आहे.