सभेची भीती आणि नवव्या अध्यायाची सुरुवात



आजचा पाठ: ज्ञानेश्वरी, अध्याय ९, अगदी सुरुवातीच्या ओव्या.

तोंडाला कोरड, अंगाला कंप, अंगावर काटा, डोकं गरगरणं. चार लोकांसमोर बोलायला उभं राहिल्यावर जे होतं तेच ना? पण ही यादी अर्जुनाची आहे, गीतेच्या पहिल्या अध्यायातली. त्याचं कारण वेगळं होतं हे मान्य. त्याच्यासमोर आजोबा आणि गुरू उभे होते, सोमवारचा क्लायंट डेमो नव्हता. शरीर मात्र तसंच वागतं. समोर संकट आहे असं मनाने ठरवलं की अ‍ॅड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, लाळ आटते. गांडीव पेलणाऱ्याचं हे झालं, तर आपण लाजायचं कशाला?

लाज नको, पण दुर्लक्षही नको. आमच्या क्षेत्रात या भीतीची किंमत मोजणारे कितीतरी दिसतात. महिनोन्महिने खपून काम उभं करायचं आणि डेमोच्या दिवशी "तूच बोल ना" म्हणून दुसऱ्याला पुढे करायचं. मग लोकांच्या लक्षात नाव राहतं ते बोलणाऱ्याचं.

आता माऊलींकडे बघू. ज्ञानेश्वरी आपण पोथी म्हणून वाचतो, पण तिचा सगळा बाज समोर बसलेल्या लोकांशी बोलण्याचा आहे. ठिकाण नेवासे, शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. परंपरेने जे जन्मसाल मानतात त्यावरून माऊलींचं वय तेव्हा जेमतेम १५. विषय गीता, तोही मराठीत सांगायचा, आणि ऐकायला साक्षात गुरू निवृत्तीनाथ. दडपण यायला अजून काय हवं? पहिल्याच अध्यायात ते स्वतःला चोचीने समुद्र मोजायला निघालेल्या टिटवीची उपमा देतात. (मला हे वाचून दर वेळी फार बरं वाटतं.) पण तिथे थांबत नाहीत. गुरूंचा आधार आहे म्हणतात, आणि श्रोत्यांना विनवतात की कमी पडेल ते पुरं करून घ्या, जास्त होईल ते चालवून घ्या.

नवव्या अध्यायात तर सुरुवातच मोठी आहे. एकदा लक्ष द्या, सगळ्या सुखाला पात्र व्हाल! केवढं धाडसाचं बोलणं. पण लगेच सांगतात की हा मोठेपणा नाही, तुम्हा जाणत्यांजवळ केलेली लाडाची विनंती आहे. मग दाखला येतो लेकराचा. त्याचे बोल बोबडे, पावलं वाकडी, आणि आईला त्याचंच कौतुक.

मला वाटतं आपलं इथेच चुकतं. आपण समोरच्यांना परीक्षक करतो आणि त्यांच्याकडे मार्क मागतो. माऊली मागतात फक्त अवधान. मार्क मागितले की सगळं लक्ष "मी कसा दिसतोय" यावर जातं. अवधान मागितलं की ते विषयाकडे वळतं, आणि विषय तर आपल्याला येत असतो.

"क्लायंट काय आई असतो का?" नसतो. पण बहुतेकांना आपलं काम समजून घ्यायचं असतं, आपली फजिती बघायची नसते. कुजका प्रश्न विचारणारा एखादा असतोच. परंपरा सांगते की या भावंडांच्या घराला वाळीत टाकलं होतं. लोक किती कठोर असतात हे माऊलींना कुणी शिकवायला नको होतं. तरीही उभं राहून त्यांनी श्रोत्यांना आईच्या जागी बसवलं. मला ही भोळी समजूत वाटत नाही, हा त्यांचा निर्णय वाटतो.

बाकी सराव हवाच. सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय. त्यात खरं, गोड आणि हिताचं बोलण्याबरोबर स्वाध्यायाचा अभ्यासही आहे. अख्खं भाषण पाठ करू नका, मधला एक शब्द हरवला की सगळंच अडतं. पहिली दोन वाक्यं तेवढी तोंडात बसू द्या, आणि ती म्हणण्याआधी एक श्वास सावकाश सोडा.

आणि आज रात्री या सुरुवातीच्या आठ-दहा ओव्या मोठ्याने वाचा, दार लावून का होईना. ओवीचा शेवटचा चरण आखूड असतो, त्यामुळे श्वास आपोआप तिथे टेकतो. घरातलं कुणी ऐकायला बसलं तर उत्तमच.

उद्या इथूनच पुढे. 🙏