रोजगार हमी, मजूर आणि रत्नागिरीची कलमे



गट सभांना आम्ही जातो तेव्हा लागणीची तारीख, बेणे, खताचे हप्ते हे विषय होतात आणि उठता उठता एक तक्रार हटकून निघते. "साहेब, सरकारनं हमीची कामं काढली, रेशन फुकट दिलं, आता भांगलणीला माणूस मिळंना." एका गटात तर अशी सूचना आली की, हंगामात रोजगार हमीची कामे बंद ठेवावीत असा ठराव करून वर पाठवावा. ठराव करायचा तर माहिती घेऊन करावा, या विचाराने आम्ही थोडे वाचन केले आणि नंतर आंबा घाट उतरून रत्नागिरी जिल्ह्यात दोन दिवस फिरून आलो. रत्नागिरीत आपल्यासारखा ऊस नाही. पण हमीचा नियम बदलला की गरीब कुटुंबाच्या कामधंद्याचे काय होते, हे तिथल्या डोंगरउतारावर डोळ्यांनी पाहता येते.

आधी मूळ योजना. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती असताना १९६९ साली सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील विसापूर भागात या कल्पनेचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळाने ती राज्यभर पोचवली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम आणि पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता, असा हक्कच त्याने दिला. पैसा कुठून आला? १९७५ चा व्यवसाय कर यासाठीच बसवला गेला. आपल्या कारखान्याच्या कामगारांच्या पगारातून जो व्यवसाय कर कापला जातो, त्याचे मूळ हे आहे. बागायती जमिनीवरही रोजगार हमीचा उपकर बसला. म्हणजे ऊसवाल्याने हमीला हातभार लावलेला आहे, आणि म्हणून हिशेब विचारायचा त्याला अधिकारही आहे.

आता मुख्य प्रश्न. हमीचे काम मिळाले म्हणजे मजूर दुसरे काम सोडतो का? सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातील कांझरा या दोन गावांतील कुटुंबांच्या नोंदींवरून गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हेलियन या अर्थशास्त्रज्ञांनी हा हिशेब मांडला. तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. हमीवर मिळालेल्या एक रुपया मजुरीमागे त्या कुटुंबाची दुसरीकडची कमाई साधारण चार आण्यांनी बुडाली होती. बारा आणे निव्वळ भर पडली. मजुराला बांधावर दुसरे काम तयार असते आणि ते सोडून तो हमीवर गेला असता, तर सोळाच्या सोळा आणे बुडायला हवे होते. तसे झाले नाही, याचा अर्थ त्यातले बरेच दिवस हाताला काम नसलेलेच होते.

दुसरा अभ्यास केंद्राच्या २००५ च्या कायद्यानंतरचा, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. त्यात असे दिसले की, खासगी काम काही प्रमाणात घटले आणि शेतमजुरीचे दरही चढले. पण हा परिणाम मुख्यतः उन्हाळी, कोरड्या महिन्यांतला. पावसाळ्यात हमीची कामे मुळातच कमी असतात, त्यामुळे तेव्हा फरक जवळपास नाही. आपल्या हिशेबात सांगायचे तर आडसाली लागणीच्या भांगलणीला माणूस मिळत नसेल तर त्याचा दोष हमीवर टाकता येत नाही. सुरू लागण आणि खोडवा असणाऱ्यांची तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. दर चढला, हे खरे आहे. पण तो चढला म्हणून जी कुटुंबे हमीवर गेलीच नाहीत त्यांच्याही पदरात चार पैसे पडले, असेही तोच अभ्यास सांगतो. आपल्या सभासदांत अर्धा-पाऊण एकरवाले पुष्कळ आहेत. त्यांच्या घरची माणसे दुसऱ्याच्या रानात रोजाने जातातच. त्यांना हा दर खर्च म्हणून मोजायचा की उत्पन्न म्हणून, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

आता रत्नागिरी. कोकणात सुरुवातीच्या वर्षांत हमी फारशी रुजली नाही. वाड्या विखुरलेल्या, निदान पन्नास मजूर एका कामावर जमवायचे कसे? कर्ता पुरुष मुंबईत, घर मनिऑर्डरीवर. १९८२ च्या गिरणी संपात ही मनिऑर्डर अनेक घरांत थांबली आणि माणसे गावी परतली. गावी वरकस जमीन होती, पण तिच्यात गवताशिवाय काही नव्हते.

१९९० साली राज्याने हमीचा नियम बदलला आणि फळबाग लागवड तिला जोडली. लहान शेतकऱ्याने स्वतःच्या पडीक जमिनीत खड्डे घ्यावेत, कलमे लावावीत आणि त्याची मजुरी हमीच्या पैशातून मिळावी. पैसे तीन वर्षांत टप्प्याने, तेही कलमे जगली तरच. आम्हाला ही शेवटची अट फार शहाणपणाची वाटते. रस्त्याच्या कामावर खडी मोजून पैसे मिळतात, रस्ता पुढच्या पावसात वाहून गेला तरी मजुराचे काही जात नाही. इथे मात्र झाड मेले की हप्ता गेला. मग बाईमाणूस डोक्यावरून हंडे वाहते, पण कलम जगवते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोयकलमे आणि काजूची वेंगुर्ला-४ ही जात तोवर हाताशी आली होती, हेही महत्त्वाचे. रोप चांगले नसते तर नुसत्या अनुदानाने काय होणार होते!

पालीच्या पुढे एका बागायतदाराकडे आम्ही बसलो होतो. हापूसची कलमे दहा-दहा मीटरवर, हेक्टरी शंभर. कातळात मीटरभर खोल खड्डा मारणे म्हणजे काय ते त्यांनी पहार दाखवून सांगितले. "खड्ड्याच्या मजुरीवर ते वर्ष निघालं. काजू चौथ्या वर्षी धरला, हापूसला वाट पाहायला लागली. आता मीच माणसं शोधतोय." आता जूनमध्ये आळ्यात खत, पावसाळ्यानंतर गवत काढणे, मोहोराच्या फवारण्या, मार्चपासून झेल्याने आंबे उतरवणे, पेट्या भरणे आणि रात्रीची राखण. एके काळी खड्ड्याची मजुरी घेणारे घर आज मजुरी देते, आणि माणसे कमी पडतात म्हणून रत्नागिरीच्या बागांत नेपाळहून आलेले गडी राबतात. आपल्याकडे ऊसतोडीला मराठवाड्याच्या टोळ्या येतात, तसाच हा प्रकार. मुकादम, उचल यांची कटकट तिथे किती आहे, ते विचारायचे राहून गेले.

याचा अर्थ सगळे गोड झाले असा नाही. ज्याच्या नावावर सातबारा त्याला बाग. भूमिहीनाला फक्त खड्ड्याची मजुरी मिळाली, झाड दुसऱ्याचे झाले. कोकणात सातबारा सामाईक असतो, एकेका गटात वीस-वीस नावे, निम्मी मुंबईत. संमती मिळेना म्हणून कित्येकांची वरकस जमीन तशीच पडून राहिली. ज्यांना कागद जमवता आले, ज्यांना कचेरीची पायरी माहीत होती, ते पुढे गेले. आम्ही पाहिलेल्या बागांच्या कुंपणाबाहेरच गवताचे डोंगर उभे होते.

राहिला ठरावाचा विषय. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात कामाची हमी वर्षाला १०० ऐवजी १२५ दिवसांची आहे, आणि पेरणी-कापणीच्या घाईत वर्षाकाठी एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची सोयही आहे. ठराव मागणाऱ्या मंडळींना ही बातमी आवडेल. पण आपला गाळप हंगाम साठ दिवसांचा नसतो, आणि तोडणी गावचे मजूर करत नाहीत, टोळ्या करतात. त्यामुळे ही बंदी आपल्या तोडणीच्या कामाची नाही. खोडव्याच्या वेळेला ती मागितली तर नेमक्या त्याच दिवसांत ज्याच्याकडे पाणी नाही, त्याच्या घरात दुसरे काम नसते. आमचे मत विचाराल तर हा ठराव करू नये. करायचाच असेल तर आपल्या भागातील माळावर, पाणंदीवर, ओढ्याच्या बांधावर हमीतून काय उभे करता येईल त्याची यादी करून तो ठराव करावा. ज्या भूमिहीन कुटुंबांना झाड मिळणार नाही, त्यांना पाणंदीच्या कडेच्या झाडांच्या फळांचा हक्क देता येईल का, हे ग्रामपंचायतीला विचारावे.

ज्या सभासदांची पाण्याखाली न येणारी माळजमीन पडून आहे, त्यांनी सातबारा आणि आठ-अ चा उतारा घेऊन गट ऑफिसला यावे. सामाईक खाते असल्यास बाकीच्या खातेदारांची संमती आत्तापासून गोळा करावी, तिला फार वेळ लागतो. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आम्ही बरोबर येऊ.