सुट्टीत मुलांना निसर्गफेरीला न्या

एप्रिल-मेमध्ये पत्र्याचे घर भट्टीसारखे तापते. मुले आत मोबाईलवर, नाहीतर भर उन्हात गल्लीत असतात. त्यापेक्षा सकाळी बागेत न्या.

मुंबईत धारावीला लागून, मिठी नदीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकरांची ही जागा पूर्वी कचऱ्याचे डम्पिंग होती. तिथे झाडे लावून जंगल उभे केले गेले. १९९४ साली उद्यान सुरू झाले. वेळ आणि माहितगारासोबतची फेरी आधी विचारून घ्या.

काय पाहाल? ‘कुहू’ करणारा काळा कोकीळ नर असतो. मादी तपकिरी, ठिपकेदार असते आणि कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. ‘टुक टुक’ आवाज येतो तो तांबट पक्ष्याचा. तो झाडाच्या फांदीत भोक पाडून राहतो. फुलांवर फुलपाखरे शोधा. आवाज करू नका, घरट्याला हात लावू नका.

चालण्याने अंग मोकळे होते. दिवसाच्या उजेडात रोज बाहेर खेळणाऱ्या मुलांना लांबचे न दिसण्याचा चष्मा लागण्याचा धोकाही कमी होतो.

काळजी घ्या : उन्हे चढण्याआधी परता. सुती कपडे, टोपी, प्रत्येकाला पाण्याची बाटली हवी. चक्कर, मळमळ वाटली तर सावलीत बसवा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. अंग तापून कोणी बरळू लागले किंवा शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका. अंग ओले करून वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा.