फाटकावरच्या पोरासाठी चार गोष्टी

पोरा, कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर गार्ड म्हणून लागलास, वर्दीत आरशासमोर चारदा उभा राहून झालं असेल. छान दिसतोस बाप्पा! आता कोणी हातात करंट मारणारी स्टन गन देईल, त्याआधी एवढं ऐकून जा.

1. मालकानं दिली म्हणून खिशात टाकू नको, परवानगीचा कागद माग — शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 ऑनलाइन मागवलेल्या वस्तूलाही सोडत नाहीत, आणि पहिली चौकशी ज्याच्या हातात ती असते त्याचीच होते.

2. ट्रेनिंग बुडवू नको — खाजगी सुरक्षारक्षकासाठी केंद्राच्या 2006 च्या आदर्श नियमांत वर्गातले 100 आणि मैदानावरचे 60 तास सांगितले होते. वर्दी अंगावर चढते लवकर, अंगी लागते उशिरा.

3. आधी आवाज दे, मग चार पावलं मागं हो, मग 112 लाव — भारतीय न्याय संहितेच्या कलम 37 प्रमाणे बचाव गरजेपुरताच करता येतो, अन् पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तो हक्कही उरत नाही.

4. पळणाऱ्याला, पडलेल्याला, दोघांनी धरलेल्याला झटका देऊ नको — धोका सरला की पुढचा झटका शिक्षा होतो, अन् शिक्षा देणं कोर्टाचं काम.

5. डोळ्यांदेखत मोठा गुन्हा झाला अन् चोर धरला, तर खोलीत कोंडून दम देत बसू नको — नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40 सांगतं, सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली कर.

6. रुईच्या ढिगाजवळ, पेट्रोलजवळ ती स्टन गन काढूच नको — एक ठिणगी अख्खा हंगाम खाते.

7. बोललेलं न समजणाऱ्याला हातवाऱ्यांनी पुन्हा सांग, आपल्या रेल्वे जंक्शनवर मुलखामुलखाची माणसं उतरतात — 2007 मध्ये व्हँकुव्हर विमानतळावर इंग्रजी न येणाऱ्या रॉबर्ट जेकान्स्की या पोलिश प्रवाशाला पोलिसांनी टेझरचे, म्हणजे असल्याच करंटच्या यंत्राचे, झटके दिले, अन् तो तिथंच गेला.

8. फाटक्या कपड्यांवरून माणूस तोलू नको — आपल्याकडच्या दापुरा गावात मामाकडे वाढलेले गाडगेबाबाही चिंध्यांतच फिरत.

9. झटका कोणालाही बसला तर भांडण विसरून 108 बोलाव, अन् वेळ, कारण वहीत खरंखरं लिही — पडताना डोकं फुटतं, कोणाचं हृदय आधीच नाजूक असतं. माल भरून निघतो पोरा, गेलेला जीव नाही.