बस्ता

उर्दूत 'बस्ता' म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. तो रोज तुमच्या पाठीवर असतो. मराठीत मात्र 'बस्ता' म्हणजे लग्नासाठी एकदम खरेदी केलेले कपडे. हा मूळ फारसी शब्द आहे. त्याचा अर्थ 'बांधलेले'. उर्दूने त्यात पुस्तके बांधली, मराठीने कपडे!

अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात, नगर-पुणे रस्त्यावर सुपा हे गाव आहे. जिल्ह्याचे शहर अहमद निजामशहाने वसवले. 2024 साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. लोक अजून त्याला 'नगर' म्हणतात. तेथील कापडबाजार प्रसिद्ध आहे. सुप्यासारख्या गावांतील माणसे लग्नाचा बस्ता बांधायला तेथे जात.

पूर्वी कपड्यांची खरेदी रोजची नव्हती. पारनेर हा कमी पावसाचा भाग. पीक विकले, तरच शेतकऱ्याच्या हाती पैसा येई. म्हणून ईद, दिवाळी किंवा लग्न अशा वेळीच नवे कपडे मिळत. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवत. मोठ्या भावाचा सदरा पुढे धाकट्याला मिळे. तो फाटला, की त्याची गोधडी होई. 1972 साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. तेव्हा नवा कपडा कोठून येणार?

बस्त्याच्या दिवशी दोन्ही घरची वडीलधारी माणसे दुकानातील गादीवर बसत. दुकानदार एकेक तागा उलगडून दाखवी. ती माणसे कापड बोटांनी चोळून पाहत, उजेडासमोर धरीत. 'रंग जाईल का? धुतल्यावर आटेल का? पन्हा किती?' असे विचारीत. मग भावाची घासाघीस होई. कापड वारावर मोजत. एक वार म्हणजे सुमारे 91 सेंटिमीटर. नऊ वारांचे लुगडे म्हणून 'नऊवारी'! 1956 साली मापांचा नवा कायदा झाला. त्यानंतर हळूहळू दुकानांत मीटर आला. कापड घेतल्यावर शिंप्याकडे माप द्यावे लागे. सणाच्या आधी त्याचे यंत्र रात्री उशिरापर्यंत चाले.

ते सारे चांगलेच होते, असे मात्र समजू नका. जिच्यासाठी साडी घ्यायची, त्या मुलीला कित्येकदा कोणी विचारीतही नसे. पुष्कळदा बस्ता उधारीवर घेतला जाई. पीक बुडाले, की उधारी फिटत नसे. लग्न एका दिवसात होई. कर्ज मात्र वर्षानुवर्षे राही.

आज चित्र बदलले आहे. सुप्याला औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यात काम करणाऱ्यांना दरमहा पगार मिळतो. त्यामुळे कपडे घ्यायला सुगीची वाट पाहावी लागत नाही. तयार कपडे सर्वत्र मिळतात. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर भरपूर कापड विणले जाते. मोबाइलवर बोट ठेवले, की कपडा घरी येतो. मुलगी स्वतः आपला पोशाख निवडते. ही मोठी चांगली गोष्ट आहे.

पण मोबाइलवर कापड चोळून पाहता येत नाही. चित्रातला रंग आणि हातातला रंग वेगळा निघू शकतो. तयार कपड्यांमुळे अनेक शिंप्यांचे काम कमी झाले. स्वस्त मिळतो म्हणून आपण गरज नसतानाही कपडा घेतो आणि दोनदा घालून टाकून देतो. उधारीही संपलेली नाही. दुकानदाराच्या वहीऐवजी ती आता हप्त्यांच्या रूपाने येते.

मग आपण काय करावे? कपड्यावरील चिठ्ठी वाचावी. त्यावर किंमत आणि कापडाचा प्रकार लिहिलेला असतो. मोबाइलवरून घेताना परत करण्याचे नियम आधी वाचावेत. पावती जपून ठेवावी. फसवणूक झाली, तर ग्राहकाला दाद मागता येते. त्यासाठी 1986 साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी आता 2019 चा कायदा आहे. मोबाइलवरील खरेदीलाही तो लागू आहे.

आज घरी गेल्यावर दादीला किंवा नानीला विचारा, 'तुमच्या लग्नाचे कपडे कोणी निवडले?' त्या जे सांगतील, ते मराठीत लिहून काढा.

उर्दूत सांगतात, चादर पाहून पाय पसरा. मराठीत म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावे. भाषा दोन आहेत, शहाणपण एकच आहे. बस्ता मोठा असो वा लहान, तो आपल्याला उचलता यावा.

शब्दार्थ
तागा – कापडाचे थान
पन्हा – कापडाची रुंदी
आटणे – धुतल्यावर कापड आखूड होणे
घासाघीस – भाव कमी करण्यासाठी केलेली बोलाचाली
सुगी – पीक कापणीचा काळ

स्वाध्याय
1. मराठीत आणि उर्दूत 'बस्ता' या शब्दाचे अर्थ कोणते?
2. पूर्वी कापड घेताना माणसे काय काय पाहत?
3. आजच्या खरेदीतील एक फायदा व एक तोटा लिहा.
4. बाजार, रुमाल, पायजमा, अस्तर हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. कपड्यांविषयीचे असे आणखी तीन शब्द शोधा.